गोष्ट गणितापाशी अडली पाहिजे

गोष्टीतून गणित शिकवणारं पुस्तक हातात आलं की मी सगळ्यात आधी एकच पाहते: यातलं गणित काढून टाकलं तर कथा तशीच पुढे जाते का? जात असेल तर ते पुस्तक रात्री झोपताना वाचायला चांगलं असेल, पण गणितासाठी मी ते घेत नाही. ससा जंगलातून चाललाय, वाटेत नदी लागते, नदीकाठी कासव बसलेलं असतं आणि ते विचारतं, ‘सात अधिक पाच किती?’ सशाने बारा म्हटलं की कासव त्याला पलीकडे नेतं. त्या कासवाने राजधानीचं नाव विचारलं असतं तरी कथेत काही फरक पडला नसता. मुलांना हे मोठ्यांच्या आधी कळतं. माझा धाकटा अशी पानं सरळ उलटतो, कारण त्याला ससा पुढे कुठे पोचला ते हवं असतं. वाचक म्हणून त्याचं बरोबरच आहे.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. घरी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील भेटले की हमखास विचारतात, ‘गणिताचं गोष्टीरूप पुस्तक कुठलं घेऊ?’ दारात उभ्या उभ्या दोन नावं सांगून ते संपत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पाठ्यपुस्तकातली शाब्दिक उदाहरणं म्हणजे गोष्टी नव्हेत, हे आधी सांगायला हवं. टाकीला दोन नळ असतात, एक भरतो आणि एक रिकामी करतो, पण त्या टाकीतलं पाणी कुणाला हवंय ते कधीच कळत नाही. सरावाला ही उदाहरणं लागतातच, आम्हीही ती सोडवतो. गोष्ट मात्र तेव्हा सुरू होते जेव्हा कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि हिशेब केल्याशिवाय ते मिळत नाही. जर्मन लेखक हान्स माग्नुस एन्त्सेन्सबर्गर यांच्या ‘द नंबर डेव्हिल’ या पुस्तकातला रॉबर्ट अशाच शाब्दिक उदाहरणांना कंटाळलेला असतो. बारा रात्री त्याच्या स्वप्नात एक आकड्यांचा राक्षस येतो. थोरलीने ते पुस्तक फार मन लावून वाचलं. त्यात मूळ संख्या, वर्गमूळ यांना गमतीची वेगळीच नावं दिली आहेत, त्यामुळे खरी नावं पुन्हा सांगावी लागतात. तेवढं सोडलं तर दहा वर्षांपुढच्या मुलाला मी ते डोळे मिटून देईन.

माझ्या कसोटीला पूर्ण उतरलेली गोष्ट म्हणजे पस्तीस उंटांची. ब्राझीलमधल्या एका गणिताच्या शिक्षकाने मल्बा ताहान या टोपणनावाने ‘द मॅन हू काउंटेड’ हे पुस्तक लिहिलं, त्यात ती येते. तीन भाऊ भांडतायत. वडिलांनी ३५ उंट ठेवलेत, थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश, धाकट्याला एक नवमांश. साडेसतरा उंट कसा द्यायचा? वाटेने जाणारा हिशेबनीस आपल्या मित्राचा उंट त्यांच्यात घालतो, ३६ होतात. अठरा, बारा आणि चार उंट वाटले जातात. प्रत्येक भावाला ठरल्यापेक्षा थोडं जास्तच मिळतं, बेरीज ३४ होते आणि दोन उंट उरतात. एक मित्राचा मित्राला परत, दुसरा हिशेबनिसाचा.

ही गोष्ट मी वाचून दाखवली आणि पुस्तक मिटून ठेवलं. प्रश्न विचारला नाही. गोष्ट संपल्याबरोबर ‘मग सांग बघू’ म्हटलं की पुढच्या वेळी मूल गोष्ट ऐकताना परीक्षेची वाट बघत बसतं. थोरली जरा वेळाने स्वतःच आली. ‘आई, सगळ्यांना जास्त मिळालं तर उरले कसे?’

वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तिने मांडायला घेतलं. निम्मे, तृतीयांश, नवमांश यांची बेरीज १७/१८. म्हणजे वडिलांनी सगळे उंट वाटलेच नव्हते! ३५ चे १७/१८ म्हणजे ३३ आणि वर १/१८. तेवढेच वाटायचे होते, उरलेला एक पूर्णांक सतरा अठरांश उंट कुणाचाच नव्हता. मग तिने शोधलं की भावांना मिळून जे जास्त मिळालं ते १७/१८ आणि हिशेबनिसाने घेतला तो एक. बेरीज जुळली तेव्हा तिने पेन्सिल टेबलावर आपटली. ‘यात जादू नाहीये, मृत्युपत्रच अर्धवट आहे.’ असमान छेदांची बेरीज तिने याआधीही पानंच्या पानं केली होती. पण त्या बेरजेने एक माणूस पकडता येतो हे तिला त्या दिवशी दिसलं. त्यानंतर ती स्वतःच अशी मृत्युपत्रं करू लागली. १९ शेळ्या, एकाला निम्म्या, एकाला पाव, एकाला पंचमांश. एक शेळी उसनी आणायची, दहा, पाच, चार वाटायच्या आणि उसनी परत. ३५ उंटांच्या गोष्टीत दोन का उरतात आणि १९ शेळ्यांच्या गोष्टीत एकच का, हे तिने धाकट्याला समजावून सांगितलं. त्याला कळलं नाही, पण त्याने शेळ्यांची चित्रं काढली.

धाकट्यासाठी डेमी या लेखिकेचं ‘वन ग्रेन ऑफ राइस’ घेतलं होतं. राजाकडून पहिल्या दिवशी तांदळाचा एक दाणा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, असे तीस दिवस मागणारी हुशार मुलगी. इथेही दुप्पट काढली तर गोष्ट कोसळते, कारण राजाची भूल हाच गोष्टीचा कणा आहे. आम्ही बुद्धिबळाच्या पटावर खरेच दाणे मांडले. आठव्या घरापर्यंत धाकटा उत्साहात होता. दहाव्या घरासाठी ५१२ दाणे मोजायला लागले तेव्हा त्याने आपणहून दहा-दहाच्या ढिगल्या केल्या आणि मग शंभराच्या. दशक-शतक शिकवायला मी आधी काड्यांच्या जुड्या केल्या होत्या. त्या माझ्या होत्या, या ढिगल्या त्याच्या गरजेतून आल्या. नंतर किचनच्या काट्यावर हजार दाणे ठेवले, आमच्या डब्यातल्या तांदळाचे साधारण वीस ग्रॅम भरले. तीस दिवसांचे एकूण दाणे १,०७,३७,४१,८२३. थोरलीने गुणाकार करून सांगितलं, साडेएकवीस टनांच्या आसपास, म्हणजे पंचवीस किलोचे साडेआठशेच्या वर कट्टे. धाकट्याला टन माहीत नाही, पण वाण्याच्या दुकानातला कट्टा माहीत आहे. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, ‘राजाच्या घरी एवढे मावतील?’

अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलांमध्ये ‘लाइफ ऑफ फ्रेड’ ही मालिका फार प्रिय आहे, इथेही पालक तिच्याबद्दल विचारतात. लेखक स्टॅन्ली श्मिट. फ्रेड हा पाच वर्षांचा मुलगा, कॅन्ससमधल्या एका काल्पनिक विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. सुरुवातीची पुस्तकं ॲपल्स, बटरफ्लाइज, कॅट्स, डॉग्ज अशी अक्षरांच्या क्रमाने. प्रत्येक प्रकरण म्हणजे फ्रेडच्या दिवसाचा एक तुकडा आणि शेवटी मोजके प्रश्न. फ्रेडला काहीतरी करायचं असतं म्हणून गणित येतं, वर्गात शिकवायचा धडा म्हणून येत नाही, यासाठी मला ही मालिका मनापासून आवडते. पण ठाण्यातल्या मुलाला ती देताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. प्रश्न कमी आहेत. ज्या मुलाला एकच प्रकार पुष्कळदा केल्याशिवाय हातात बसत नाही त्याला वेगळा सराव द्यायलाच हवा, आणि माझा धाकटा त्यातलाच आहे. दुसरं म्हणजे डॉलर आणि सेंट, इंच, फूट, पौंड. थोरलीला ते चाललं, उलट फुटांचे सेंटिमीटर करताना तिचा गुणाकार घोटला गेला. धाकट्याला नुकताच सेंटिमीटर कळायला लागलाय, त्याच्यापुढे लगेच इंच ठेवणं मला पटलं नाही. सेंटवरून दशांश अपूर्णांक शिकवणं तर आपल्याकडे अवघडच, कारण रुपयापेक्षा लहान नाणी आता मुलांच्या हातात येतच नाहीत. त्याऐवजी मी त्याला जांभळी नाक्याच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर उभं करते. १.२५० किलो भोपळा दिसला की सव्वा किलो आणि एक पूर्णांक पंचवीस शतांश ही एकच वस्तू आहे हे तिथे समोर दिसतं.

परदेशी पुस्तकांबद्दल एवढं लिहिलं, पण माझं मन खरं रमतं ते ‘लीलावती’त. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला, त्याचा हा पहिला, अंकगणिताचा भाग. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ स्थापल्याचं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे ही उदाहरणं आपल्याच मातीत, आपल्यासारख्याच मुलांनी सोडवलेली असणार. वेळ मोजायच्या घटिकापात्रात मोती पडला आणि भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा पुष्कळ पुस्तकं सुरुवातीलाच सांगतात. ती मूळ ग्रंथात नाही, अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती आपल्यापर्यंत आली. मी मुलांना ती दंतकथा म्हणूनच सांगते आणि लगेच भुंग्यांकडे वळते. भुंग्यांच्या थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एकटाच उरलेला भुंगा केतकी आणि मालती दोघींच्या वासात अडकून हवेत घिरट्या घालतोय. थवा किती? धाकट्याने राजम्याचे दाणे घेऊन बसवलं. पंधरा. तीन, पाच, सहा आणि एक. आधी त्याने दहा दाणे घेऊन बघितले, तृतीयांश होईना म्हणून दोन परत आणून बारा केले, मग पंचमांश होईना. पाच आणि तीन दोघांनीही भाग जायला हवा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बांबूचं उदाहरण तर मी प्रत्येक घरी करून बघा म्हणेन. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला आणि शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. कुठे मोडला? आम्ही खराट्याची लांब काडी ३२ सेंटिमीटरवर कापली आणि उभी धरून मोडत गेलो. दहावर मोडली तर शेंडा फार लांब पडतो, पंधरावर मोडली तर फार जवळ. बारावर मोडली तेव्हा टोक बरोबर सोळाच्या खुणेवर टेकलं. धाकट्यासाठी तेवढंच गणित. थोरलीने १२, १६ आणि २० यांचे वर्ग करून ताळा घेतला. खांबावरच्या मोराचं आणि बिळाकडे धावणाऱ्या सापाचं उदाहरणही असंच. खांब ९ हात, बीळ खांबाच्या बुंध्याशीच, साप बिळापासून २७ हातांवर, दोघांचा वेग सारखा, बिळापासून किती अंतरावर मोर सापाला गाठेल? उत्तर बारा. यावर धाकट्याने हरकत घेतली की मोर उडतो, सापापेक्षा जोरात जाणारच. मग थोरलीने आलेखाच्या कागदावर मोराचा वेग दुप्पट धरला आणि पट्टीने मोजत मोजत उत्तर सतरा आणि अठरा यांच्या मधे, सतराच्या जवळ आणून ठेवलं. नेमकं काढायला वर्गसमीकरण लागेल, ते तिला अजून येत नाही. आता तिला ते शिकायचंय. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला गणित घेतलं तर तिला ते करावंच लागेल, पण त्याची गरज आधी मोराने निर्माण केली याचा मला फार आनंद आहे.

गणितज्ञांची चरित्रं मी या कप्प्यात धरत नाही. गरिबी, वही, परदेशगमन, मान्यता, एवढं वाचून मूल भारावतं, पण आकड्याला त्याचा हात लागलेला नसतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची गोष्ट मी म्हणूनच तोंडी सांगते. जन्म डहाणूचा, माध्यमिक शाळा आमच्या ठाण्यातली, पुढे आयुष्यभर देवळालीत शाळामास्तर. आणि लगेच म्हणते, एक चार आकडी संख्या घे, सगळे आकडे सारखे नकोत. धाकट्याने १८५३ घेतली, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ते साल. आकडे उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे: ८५३१ वजा १३५८, ७१७३. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि तिथेच थांबतं, ६१७४ मधून पुन्हा ६१७४. हे कापरेकरांनी शोधलं. कुठल्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. हातचे घेऊन वजाबाकी करायचा त्याला कंटाळा होता, त्या संध्याकाळी त्याने घरातल्या सगळ्यांच्या जन्मसालांवर ती केली.

मराठीत काय मिळतं, हा पुढचा प्रश्न. मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ जरूर घ्यावं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. चित्रांच्या छोट्या पुस्तकांसाठी मी तिथेच आधी शोधते आणि मुलांना परत परत वाचावंसं वाटलं तरच छापील घेते. १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आम्हाला चालत जाण्याजोगं आहे, हे आमचं भाग्य. मुलाने स्वतः कपाटातून काढलेल्या पुस्तकाची गोष्टच वेगळी असते.

तरी एक पुस्तक मला अजून हवं आहे, ज्यातली गोष्ट आपल्या खाडीवर घडते. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते ती भरतीच्या वेळेवर, कारण चिखलात बोट चालत नाही. आम्ही जायचं ठरवलं तेव्हा चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या मासळीवाल्या मावशींनी विचारलं, तिथी कुठली? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. घरी आल्यावर आजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी पाऊणकी, पाऊणचा पाढा, म्हणायला सुरुवात केली: दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. लहानपणी शाळेत पाठ केलेली, आणि ती कुठे लागते हे त्यांनाही तेव्हाच समजलं. मुलांनी महिनाभर कॅलेंडरवर तिथी बघून वेळा काढल्या आणि वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळांशी ताडून पाहिल्या. सुरुवातीच्या तिथींना हिशेब बऱ्यापैकी जुळे, द्वादशी-त्रयोदशीकडे मागे पडे. पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा येते, भरती मात्र बाराच्या सुमाराला. थोरलीने पाऊणऐवजी चार पंचमांश घेऊन पाहिलं, पंधराचे बरोबर बारा आले. भरती दर तिथीला पाऊण तासाने नाही, साधारण अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे सरकते. आजींचं म्हणणं, चार पंचमांशाचा पाढा कुणाला येतो? होडीत बसून जो करता येतो तोच हिशेब कामाचा. दोघींचंही खरं आहे, आणि खाडीच्या आत पाणी पोचायला समुद्रापेक्षा उशीर लागतो हा तिसरा मुद्दा मावशींनी घातला.

आता थोरलीने स्वतःच गोष्ट लिहायला घेतली आहे. एक मुलगा आणि त्याची आजी मासेमारीला निघतात आणि विटाव्याजवळ होडी गाळात रुतते. त्यांना कळायला हवं की पाणी परत कधी येणार. रुतायची वेळ तिला सकाळी नऊची हवी आहे. ओहोटीनंतर साधारण सहा तासांनी भरती, म्हणजे भरती तीनला, म्हणजे तिथी चतुर्थी. इथवर पक्कं झालंय. शुद्ध चतुर्थी की वद्य, यावर दोघं भावंडं कालपासून बोलतायत. वद्य घेतली तर संकष्टी येते, आजीला उपास असणार, आणि मग होडीत उघडलेल्या डब्यातली भाकरी आणि सुकट बदलून साबुदाण्याची खिचडी करावी लागेल. धाकट्याला भाकरीच हवी आहे, कारण त्याने तिचं चित्र आधीच काढून ठेवलंय.